रिकामी पळते, भरली की मरते : डिझेल प्रेशरचं एक प्रकरण

मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरने तक्रार एका दमात सांगितली. "मिस्त्री, रिकामी वाऱ्यासारखी पळते, भरली की चढावर मरते. पाच मिनिटं बंद करून उभी केली की परत चढते." आणि जरा थांबून म्हणाला, "थोडी."

त्या शेवटच्या शब्दाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. त्यात माझा अर्धा दिवस गेला, ते पुढे येईलच.

सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, सुमारे १५० किलोवॅटचं. जुन्या घडणीचा इन्लाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दाबाने डिझेल पाठवणारे भाग एका रांगेत असलेला, आणि त्याच्याच अंगावर बसवलेला, टाकीतून डिझेल ओढून त्याला देणारा पिस्टनचा फीड पंप. आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बरंच काम झालेलं होतं: डिझेल फिल्टर दोनदा बदलले, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) टेस्ट बेंचवर लावून दुरुस्त केले, टर्बोचा प्ले (दांड्याची ढिलाई) पाहिला, एअर फिल्टर नवा घातला. वर "प्रेशर कमी होतं म्हणून सेट केलं" असंही ड्रायव्हरला सांगण्यात आलं होतं. हे वाक्य मी कामाच्या कागदावर जसंच्या तसं लिहून घेतलं. कुठलं प्रेशर, कुठे मोजलं, किती होतं, किती केलं, यातलं काहीही कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

पहिला प्रश्न धुराचा विचारला. चढावर गाडी मरते तेव्हा धूर कसा येतो? "धूरच नाही." ताकद कमी आणि काळा धूर भरपूर, तर इंजिनाला हवा कमी पडतेय किंवा डिझेल नीट जळत नाहीये. ताकद कमी आणि सायलेन्सर स्वच्छ, तर डिझेलच पोहोचत नाहीये. एवढ्यावर निकाल लागत नाही, पण कुठून सुरुवात करायची ते ठरतं. टर्बोकडे परत जायचं कारण उरलं नाही.

या इंजिनात डिझेलचा रस्ता साधा आहे. टाकीतल्या पिकअप नळीतून रबरी होजने वॉटर सेपरेटरमध्ये, तिथून फीड पंपात, फीड पंपातून मुख्य फिल्टरमधून पंपाच्या गॅलरीत, म्हणजे पंपाच्या आतल्या डिझेलच्या कप्प्यात. गॅलरीतून सहा एलिमेंट आपापला वाटा घेतात; प्रत्येक एलिमेंट म्हणजे एक प्लंजर (दट्ट्या) आणि तो ज्यात वर-खाली होतो ते बॅरल (नळकांडं). उरलेलं ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून रिटर्नने टाकीत जातं. ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह म्हणजे बॅन्जो बोल्टच्या (नळी जोडायच्या पोकळ बोल्टच्या) पोटात बसवलेली एक गोळी आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंग. गॅलरीत किती प्रेशर राहायचं ते ही स्प्रिंग ठरवते, पण फीड पंप तिच्या गरजेहून जास्त माल पाठवत असेल तरच. तो कमी पाठवायला लागला की गोळी आपल्या जागी बसून राहते आणि प्रेशर भलतंच कुणीतरी ठरवायला लागतं.

गॅलरीत प्रेशर लागतं ते एलिमेंट भरण्यासाठी. प्लंजर खाली जाताना बॅरलमध्ये पोकळी तयार होते, तो तळाशी पोहोचत आला की पोर्ट (बॅरलचं भोक) उघडतं आणि डिझेल आत धावतं. इंजिन मिनिटाला २२०० फेऱ्यांवर असेल तर पंप ११०० वर फिरतो. एका फेरीला साधारण ५५ मिलिसेकंद, आणि पोर्ट उघडं असण्याचा वेळ त्यातला थोडासाच. तेवढ्यात बॅरल पूर्ण भरायचं तर मागून जोर हवा. तो नसेल तर प्लंजर अर्धवट भरलेल्या बॅरलवर दाब देतो, नोझल कमी डिझेल सोडतो, सुटतंही उशिरा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं पंप गेला. असे कितीतरी धडधाकट पंप विनाकारण उतरवून बेंचवर नेले जातात.

या इंजिनाच्या पुस्तकात गॅलरीचे आकडे असे होते: गरम इंजिन, आयडलिंगला १.२ ते १.८ बार; भार नसताना पूर्ण फेऱ्यांवर २.० ते २.५, पूर्ण भारावर १.५ च्या खाली जाता कामा नये. सक्शनकडे, म्हणजे टाकीतून ओढण्याच्या बाजूला, पोकळी (व्हॅक्यूम) ०.२५ बारपर्यंत चालेल. हे आकडे याच इंजिनाचे आहेत. युनिट इंजेक्टरच्या (पंप आणि नोझल एकाच भागात असलेल्या) इंजिनात सप्लाय प्रेशर याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतं, म्हणून आकडे ज्याचे त्यालाच लावायचे.

गॅलरीच्या इनलेटला बॅन्जोच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवली, नवे कॉपर वॉशर घातले आणि ग्लिसरीन भरलेला ० ते ६ बारचा गेज लावला. पिस्टन फीड पंपाचे ठोके गेजच्या काट्यात उतरतात, काटा थरथरतो आणि प्रत्येक जण आपल्याला हवा तो आकडा वाचतो. म्हणून गेजच्या आधी बारीक भोकाची अडचण घातली. मग इंजिन गरम होईपर्यंत वाट पाहिली. थंड डिझेल घट्ट असतं, गेज गोड बोलतो.

आयडलिंगला १.९. पूर्ण फेऱ्यांवर, उभ्या गाडीत, २.२.

मुख्य फिल्टरच्या आधी आणि नंतर मोजलं, फरक ०.१५ बार, म्हणजे फिल्टर बरा. सेपरेटर आणि फीड पंपाच्या मध्ये व्हॅक्यूम गेज लावला: ०.२२. काठावर, पण पास. आयडलिंगचा आकडा किंचित वर होता, पण प्रेशर जास्त दिसलं तर सहसा कुणी तक्रार करत नाही. मीही केली नाही. गॅरेजच्या फरशीवर उभी होती तोवर ही गाडी निरोगी होती.

गेज काचेबाहेर, वायपरजवळ टेपने चिकटवला. डिझेलची नळी केबिनमध्ये आणायची नाही. ती सुटली तर तापलेलं डिझेल ड्रायव्हरच्या मांडीवर सांडतं. व्हॅक्यूमचाही गेज शेजारीच लावला. माल भरलेलाच होता. नेहमी मरते तोच चढ, तोच गिअर, पाय पूर्ण दाबलेला. १६०० फेऱ्यांवर गॅलरीचा काटा १.४ वर आला, पुढच्या वळणापर्यंत ०.८ आणि मग ०.५. व्हॅक्यूमचा काटा तेवढ्याच वेळात ०.६ वर पोहोचला. गाडी मेली. धूर नाहीच.

इथे थोडा हिशेब मांडतो. या ताकदीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला ३५ ते ४० लिटर डिझेल जाळतं, मिनिटाला सहाशे मिलिलिटरच्या आसपास. उभ्या गाडीत रेस केली तर इंजिन फक्त स्वतःच्या घर्षणापुरतं पितं, साधारण पाचवा हिस्सा. मग उभ्या गाडीवर घेतलेली टेस्ट काहीच सांगत नाही का? सांगायला हवी होती. कारण ओव्हरफ्लो नीट उघडत असेल तर इंजिन न पिलेलं सगळं डिझेल रिटर्नला जातं, आणि सक्शनच्या नळीतून उभ्या गाडीतही भरपूर प्रवाह चालू राहतो. नळीत अडथळा असेल तर तो तिथेच दिसायला हवा. या गाडीत तो का दिसला नाही?

मग रिटर्नची नळी सोडून मापाच्या बरणीत धरली. पूर्ण फेऱ्यांवर एका मिनिटात किमान सव्वा लिटर यायला हवं. आलं दीडशे मिलिलिटर. ओव्हरफ्लो जवळजवळ बंदच होता. म्हणजे "प्रेशर सेट केलं" याचा अर्थ कुणीतरी त्या स्प्रिंगवर जोर वाढवला होता. गोळी उघडेना, रिटर्न थांबला, सक्शनमधला प्रवाह पाचव्या हिश्श्यावर आला आणि तेवढ्या बारीक प्रवाहाला अडथळा जाणवलाच नाही. गेज २.२ दाखवत राहिला. बिघाड होता तिथेच राहिला, दिसायचा तेवढा बंद झाला.

पिस्टन फीड पंपाची एक गंमत इथे कळून घेण्यासारखी आहे. कॅम (फिरत्या दांड्यावरचा उंचवटा) त्याच्या पिस्टनला ढकलतो तेव्हा डिझेल नुसतं एका बाजूच्या कप्प्यातून दुसऱ्या बाजूला जातं. खरं काम परतीच्या वेळी स्प्रिंग करते: ती पुढचं डिझेल फिल्टरकडे ढकलते आणि त्याच हालचालीत मागून टाकीतलं ओढते. एकाच स्प्रिंगच्या जिवावर दोन्ही कामं. सक्शनला जोर जास्त लागला की तेवढा पुढच्या प्रेशरमधून वजा होतो. आणि ओढ फारच वाढली की डिझेलमध्ये विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते, कप्पा फेसाने भरतो आणि पंप फेस ढकलत बसतो. सेपरेटरपुढे पारदर्शक नळीचा तुकडा घालून पाहिलं, तर चढावर दुधाळ बुडबुडे धावत होते. हे पाहून लोक "एअर घेतेय" म्हणून सगळे जोड आवळत सुटतात. बाहेरून हवा शिरत असती तर रात्रभर उभ्या गाडीत डिझेल मागे उतरलं असतं आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागला असता. ही गाडी सकाळी अर्ध्या फिरकीत चालू होत होती.

आता सक्शनचा रस्ता तुकड्यातुकड्याने तपासायचा होता. २० लिटरचा स्वच्छ कॅन, झाकणाला हवेचं भोक, चॅसीला घट्ट बांधलेला, टर्बो आणि सायलेन्सरपासून लांब. त्यातून नव्या होजने थेट सेपरेटरच्या इनलेटला जोडलं. रिटर्न गाडीच्या टाकीतच जातो, त्यामुळे कॅन वाटतं त्यापेक्षा लवकर रिकामा होतो. छोटाच चढ निवडला. गॅलरीत प्रेशर २.६ बार, काटा हलेना, गाडी वर. फीड पंप चांगला, सेपरेटर चांगला, फिल्टर चांगला. दोष टाकी आणि सेपरेटरच्या मधल्या दोन मीटरांत.

इथे मी चुकलो. "पाच मिनिटं थांबलं की चालते" हे डोक्यात पक्कं बसलं होतं. हे लक्षण टाकीतल्या कचऱ्याचं म्हणून ओळखीचं: चिंधीचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा ओढीने पिकअपच्या जाळीला चिकटतो, इंजिन बंद झालं की सुटून तळाला जातो. टाकी रिकामी केली, पिकअप काढलं, जाळी पाहिली. थोडा गाळ होता, अडवण्याजोगं काही नाही. टाकी धुतली, भरली, तोच चढ, तोच ०.५. अर्धा दिवस गेला. ड्रायव्हरला तेव्हा विचारलं, थोडी म्हणजे किती चढते? "दोन वळणं." कचरा सुटला असता तर गाडी चांगली दूरवर गेली असती. दोन वळणं जाते ती ड्रायव्हर घाबरून खालच्या गिअरमध्ये, अर्ध्या पायाने चालवतो म्हणून.

जे आधी करायचं ते मग केलं. कॅन तोच, पण नव्या होजऐवजी गाडीचा जुना सक्शन होज. प्रेशर पडलं. होज.

बाहेरून तो ठणठणीत दिसत होता. वाकवला तर भेग नाही, दाबला तर मऊ. आधीच्या गॅरेजने त्यातून कॉम्प्रेसरची हवा मारून पाहिली होती आणि हवा फसफसून बाहेर आली होती. ब्लेडने लांबीत चिरला तेव्हा आतलं अस्तर एका जागी सुटून जिभेसारखं लोंबत होतं. बाहेर डिझेलच्या होजवर असते तशी कुठलीही छपाई नव्हती. डिझेलसाठी न बनलेलं रबर फुगतं आणि थर सुटतात. हवा मारली की दाबाने जीभ भिंतीला चिकटते आणि रस्ता मोकळा होतो. ओढ लागली की तीच जीभ रस्त्यात येते. ओढण्याच्या नळीची परीक्षा फुंकून घेतली तर ती नेहमीच पास होणार.

त्याच आतील व्यासाचा डिझेलचा होज बसवला, वळण मोठं ठेवलं, दोन्ही टोकांना नवे क्लिप. हातपंपाने भरलं, गॅलरीची एअर काढली. व्हॅक्यूम भारावर ०.१५.

आणि गॅलरीचं प्रेशर उभ्या गाडीत २.९. मर्यादेच्या बरंच वर.

अडथळा गेल्यावर आधीचं सेटिंग उघडं पडलं. एवढं प्रेशर ठेवलं तर फीड पंपाच्या दांड्याच्या सीलवर ताण येतो, तिथून डिझेल पंपाच्या तेलात आणि पुढे इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक पाहिली, ऑइलची पातळी वाढलेली नव्हती, वासही नव्हता. नशीब.

ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह उघडला. स्प्रिंगच्या मागे एक-एक मिलिमीटरच्या दोन शिम, म्हणजे जोर वाढवायला घातलेल्या चकत्या. पुस्तकात या जागी एकही शिम दाखवलेली नाही. एक काढली: २.५, आयडलिंगला १.६. दोन्ही काढल्या: १.७, आणि आयडलिंगला ०.९. आता कमी. म्हणजे आधीच्या माणसाने शिम घातली ती अगदीच उगाच नव्हती. स्प्रिंग खरोखर थकलेली होती, आणि त्याला गेजवर कमी दिसलं होतं. फक्त एका कमी प्रेशरची दोन कारणं असू शकतात हा विचार त्याने केला नाही. स्प्रिंग सापडली आणि तो थांबला.

एक शिम ठेवून गाडी देता आली असती. आकडा मर्यादेत होता. ड्रायव्हरही म्हणाला, "बसतंय ना, राहू द्या." पण गोळीची सीट भिंगाखाली पाहिली तर तिला खड्डे पडलेले होते आणि काटा त्या आकड्यावर स्थिर राहत नव्हता. थकलेली स्प्रिंग आणि खराब सीट यांच्यावर शिमने बसवलेलं प्रेशर किती दिवस टिकेल याची खात्री मी देऊ शकत नव्हतो. काही इंजिनांत उत्पादकच शिम किंवा लॉकनटचा स्क्रू देतो. तिथे थोडं फिरवायचं, लॉक करायचं, परत मोजायचं, असं करत जावं. इथे तशी सोय नव्हती, म्हणून व्हॉल्व्ह अख्खा नवा घातला. पंपाच्या सीलबंद स्क्रूंना, म्हणजे गव्हर्नर (फेऱ्या आवरणारा भाग) आणि पूर्ण भाराच्या स्टॉपला (डिझेलची कमाल मात्रा ठरवणाऱ्या अडणीला), कुणी हात लावलेला नव्हता. मीही लावला नाही. ताकद कमी म्हणून तिथे फिरवणारे भेटतात. उपाशी गॅलरीवर त्याने काही होत नाही, आणि पुढे कधी डिझेल नीट यायला लागलं की इंजिन गरजेपेक्षा जास्त पिऊन काळा धूर ओकतं.

नवा व्हॉल्व्ह, गरम इंजिन: आयडलिंगला १.५, पूर्ण फेऱ्यांवर २.२, रिटर्न मिनिटाला १.६ लिटर. नवा २.२ आणि पहिल्या दिवशीचा २.२ गेजवर अगदी सारखे. फरक फक्त बरणीत दिसला.

भारावर, त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, १.९. काटा तिथून हलला नाही. ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा गिअर टाकला.

कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच हाय प्रेशर नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या) गाड्या येतात तेव्हाही टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतची ही तपासणी जवळपास अशीच करतो: व्हॅक्यूम, पुरवठ्याचं प्रेशर, रिटर्नचं माप, कॅन. त्यापुढे पाना लावायचा नाही. रेलमध्ये पंधराशे-दोन हजार बार असतात, तिथलं प्रेशर कॉम्प्युटर सांभाळतो आणि ते स्कॅनरवर वाचायचं. चालू इंजिनात जोड ढिला करून किंवा हात फिरवून गळती शोधू नये. त्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, आणि तरीही ताबडतोब सर्जनकडे न्यावं लागतं. जुन्या इन्लाइन पंपाच्या नोझलच्या नळ्यांनाही हेच लागू.

गाडी रात्रभर तिथेच उभी ठेवली. सकाळी पहिल्याच फिरकीत चालू झाली, म्हणजे नवे जोडही हवा घेत नव्हते. मग टी काढली, मूळ बॅन्जो नव्या वॉशरवर बसवला, सगळं कोरड्या फडक्याने पुसलं आणि वीस मिनिटं इंजिन चालवून प्रत्येक जोड पुन्हा पाहिला. कामाच्या कागदावर सहा आकडे लिहिले: तीन प्रेशर, भारावरचा व्हॅक्यूम, रिटर्नचं माप, आणि ओव्हरफ्लोपुढे "शिम ०". त्याची एक प्रत ड्रायव्हरने गाडीच्या कागदपत्रांत ठेवली.